जाते कुणाचे, ओवी कुणाची

इंग्लंडात एखादी जुनी गिरणी बंद पडते, काही दशके कबुतरांच्या आणि ओलीच्या ताब्यात राहते, आणि मग एक ख्रिस्ती धर्मादाय संस्था ती उभी करायला घेते. छप्पर नव्याने घातले जाते, कुजलेल्या तुळया बदलल्या जातात. जिथे पीठ किंवा कापूस उडत होता तिथे चहाची टेबले मांडली जातात, लहान मुलांचे खेळघर सुरू होते, कर्जात बुडालेल्यांना सल्ला मिळू लागतो, एकट्या म्हाताऱ्यांची दुपारची जेवणे होतात. एका कोपऱ्यात प्रार्थनेची खोली असते. असे काही घडले की वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, सार्वजनिक वारसा आणि सार्वजनिक पैसा धर्मप्रसारकांच्या घशात गेला. दुसरी म्हणते, इमारत पडत होती तेव्हा तुम्ही कुठे होतात? त्यांनी वाचवली, ते गरिबाला जेवू घालतात, आता गप्प बसा. आपल्याकडे तर हा वाद ऐकल्या ऐकल्या पेटतो. ‘मिशनरी’ शब्द कानावर पडला की काहींना धर्मांतर दिसते, काहींना शाळा-दवाखाने दिसतात, आणि पुढचे वाक्य दोघेही ऐकत नाहीत.

दोन्ही बाजू चालवणाऱ्यांचा हेतू खणत बसतात. मला त्या खणण्यात रस नाही. हेतू कुणाला दिसत नाही, दार मात्र सगळ्यांना दिसते. ख्रिस्ती संस्थेने गिरणी चालवावी. आपण ख्रिस्ती आहोत हे तिने लपवू नये, तसे करण्याची गरजही नाही. पण तिथे आलेल्या माणसाला प्रार्थनेला ‘नको’ म्हणता आले पाहिजे, आणि तसे म्हटल्यामुळे त्याच्या ताटातला घास, रांगेतला नंबर किंवा वाढणाऱ्याच्या चेहऱ्यावरचे हसू यांतले काहीही कमी होता कामा नये. शुद्ध हेतूचा माणूस ही अट सहज मोडू शकतो, आणि ज्याच्या हेतूबद्दल आपल्याला शंका आहे असा माणूस ती तंतोतंत पाळू शकतो. मी एवढ्याच अटीवर अडून बसतो, कारण गिरणी या वास्तूचा इतिहासच सक्तीचा आहे.

‘गिरणी ही धर्मनिरपेक्ष जागा होती, तिथे आता धर्म घुसला’ असे जे म्हणतात त्यांनी इतिहास वाचलेला नाही. राजाने करवून घेतलेल्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीत, म्हणजे १०८६ सालच्या डूम्सडे नोंदवहीत, इंग्लंडातल्या साडेपाच-सहा हजार गिरण्यांची नोंद आहे, आणि त्यांतल्या अनेक मठांच्या व बिशपांच्या मालकीच्या होत्या. गिरणी म्हणजे उत्पन्न. कुळांनी आपले धान्य जमीनदाराच्याच गिरणीत दळायचे आणि दळणातला वाटा तिथे ठेवायचा, असा रिवाज ठिकठिकाणी होता. जमीनदार मठ असेल तर पीठही मठाच्या मर्जीने. लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्स गावच्या मठाधिपतींनी याची कमाल केली. चौदाव्या शतकातला तिथला मठाधिपती रिचर्ड ऑफ वॉलिंगफर्ड मोठा गणिती होता, त्याने रचलेल्या खगोलीय घड्याळाचे कौतुक आजही होते. याच विद्वानाने गावकऱ्यांच्या घरातली हातजाती जप्त केली, म्हणजे कुणी घरी दळू नये. नुसती जप्त करून तो थांबला नाही. ते दगड त्याने मठाच्या दालनात फरशी म्हणून बसवले. लोकांच्या जात्यांवरून रोज पाय देऊन चालायचे! पन्नासेक वर्षांनी, १३८१ च्या शेतकरी उठावात, गावकऱ्यांनी त्या फरशीचे काय केले ते शेवटी सांगतो.

गिरणीला पाण्याऐवजी वाफ आणि धान्याऐवजी कापूस आला, तरी धर्माशी तिची सोयरीक तुटली नाही. मँचेस्टरजवळची क्वॉरी बँक गिरणी सॅम्युअल ग्रेगने १७८४ मध्ये उभारली. १७९० मध्ये तिच्याजवळ शिकाऊ मुलांचे वसतिगृह बांधले. गरिबांच्या आश्रयगृहांतून आणलेली ही मुले आठवडाभर यंत्रांखाली राबत आणि रविवारी विल्मस्लोच्या चर्चला चालत जात. सरकार तरी वेगळे काय म्हणत होते? १८०२ साली ब्रिटिश संसदेने गिरण्यांतल्या शिकाऊ मुलांच्या ‘आरोग्य आणि नीतिमत्ते’साठी कायदा केला. त्यात दिवसाचे काम बारा तासांवर आणले, आणि त्याच दमात दर रविवारी किमान एक तास ख्रिस्ती धर्माचे शिक्षण सक्तीचे केले. गिरण्या तपासायला जे दोन तपासनीस नेमायचे त्यांतला एक दंडाधिकारी आणि दुसरा धर्मगुरू. कारखान्यांवर अंकुश ठेवणाऱ्या कायद्यांचे पहिले पाऊल म्हणून हा कायदा अभ्यासक्रमात शिकवला जातो, पण तो एक तास बहुधा गाळला जातो. मुलांच्या फुप्फुसांची काळजी आणि त्यांच्या आत्म्याची काळजी एकाच कागदावर होती, आणि दोन्ही बाबतींत मुलांना कुणी विचारले नव्हते. (ग्रेगच्या घराण्याचे कॅरिबियनमधल्या डॉमिनिका बेटावर गुलामांच्या श्रमावर चालणारे मळेही होते. त्या गुलामांच्या आत्म्याची काळजी कोणत्या कायद्यात होती, हा वेगळा विषय.)

यावर कुणी म्हणेल, मग धर्मच बाहेर ठेवा, प्रश्न मिटला. मिटत नाही, आणि त्याचा पुरावा स्कॉटलंडातल्या न्यू लॅनार्कला आहे. रॉबर्ट ओवेनने १८०० पासून ही सूतगिरणी चालवली. प्रस्थापित धर्मांवर त्याचा विश्वास नव्हता आणि पुढे त्याने तसे जाहीर सभेत सांगितलेही. १ जानेवारी १८१६ रोजी त्याने तिथे ‘चारित्र्य घडवणारी संस्था’ उघडली. मुलांना शाळा, मोठ्यांना संध्याकाळचे वर्ग, व्याख्याने, गाणे, नाच असे सगळे तिथे होते. गिरणीच्या आवारातले समाजकेंद्र म्हणतात ते हेच, दोनशे वर्षांपूर्वीचे, आणि तेही एका निधर्मी माणसाचे. पण याच ओवेनने प्रत्येक कामगाराच्या जागी एक लाकडी ठोकळा टांगला होता. काळा, निळा, पिवळा, पांढरा अशा त्याच्या चार बाजू. काल तुझे वागणे कसे होते ते त्या बाजूने सगळ्यांना दिसायचे. त्याला ‘मुका मुकादम’ म्हणावे लागेल. देव काढून टाकला म्हणून नजर गेली नव्हती. पुढे गंमत अशी की ओवेनचा भागीदार विल्यम ॲलन, जो क्वेकर या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचा होता, शाळेत बायबल शिकवलेच पाहिजे म्हणून अडून बसला, कंपनीच्या पैशाने नाच शिकवायला त्याने हरकत घेतली, मुलांनी किल्ट म्हणजे स्कॉटिश घागरे घालू नयेत, विजारी घालाव्यात, इथपर्यंत गोष्ट गेली. दोघेही भले माणूस होते. नाच शिकवायचा की बायबल, यावर दोघे हिरीरीने भांडले. विचारायचे राहिले ते ज्यांच्या मुलांना शिकवायचे होते त्यांनाच.

यॉर्कशायरातल्या सॉल्टेअरचे टायटस सॉल्टही तसेच. १८५३ मध्ये गिरणी, मग तिच्याभोवती नीटस घरांचे गाव, १८५९ मध्ये देखणे चर्च, पुढे वाचनालय आणि सभागृह. गावात दारूचा गुत्ता मात्र एकही नाही, कारण मालकाला तो नको होता. घरे चांगली होती हे खरेच. घर मालकाचे, नोकरी मालकाची, मग दारू प्यायची की नाही हे ठरवणाराही मालकच, हेही तितकेच खरे.

आता विरोधकांचा सगळ्यात जोरदार मुद्दा घेतो. तो पैशाचा नाही, कृतज्ञतेचा आहे. भुकेल्या माणसाने ‘नको’ म्हणावे ही अपेक्षाच अन्यायाची आहे, असे ते म्हणतात, आणि ते बरोबर आहे. ज्याने गरम सूप दिले, मुलाला स्वेटर दिला, कर्जाच्या नोटिशीला उत्तर लिहून दिले, त्याने नंतर हसत विचारले, “प्रार्थनेला थांबता ना?” तर उठून जायला किती जणांची छाती होईल? अशा वेळी कुणी जबरदस्ती केलेली नसते, तरी माणूस मोकळाही नसतो. आपल्याकडे एक म्हण आहे, अन्नछत्रात जेवायचे आणि वर मिरपूड मागायची. ही म्हण आपण नेहमी जेवणाऱ्याच्या तोंडावर फेकतो. मला ती अन्नछत्र चालवणाऱ्यांच्या सोयीची वाटते. जेवणाऱ्याला मिरपूड मागता येत नाही, याचा अर्थ तिथे दान नसून सौदा चालू आहे आणि त्याची किंमत पाटीवर लिहिलेली नाही.

पण यावर धर्मसंस्थांना बाहेर काढणे हा उपाय होत नाही. कृतज्ञतेचे ओझे ख्रिस्ती सूपाचेच असते का? नगरसेवकाच्या फोटोखाली वाटलेल्या वह्यांचे नसते? कंपनीचे नाव छापलेल्या सदऱ्यात रांगेत उभे राहण्याचे नसते? ओझे कमी करायचे तर व्यवस्था बदलावी लागते. ट्रसेल ही ब्रिटनमधली अन्नपेढ्यांची संस्था ख्रिस्ती प्रेरणेतून निघाली, तिची पहिली अन्नपेढी २००० साली सॉल्सबरीला उघडली, आज तिच्या जाळ्यात हजाराहून अधिक केंद्रे आहेत आणि त्यांतली कितीतरी चर्चमध्येच भरतात. तिथे शिधा कुणाला द्यायचा हे सहसा पाद्री ठरवत नाही. डॉक्टर, समाजसेवक, सल्ला केंद्र अशा बाहेरच्या कुणाची तरी शिफारस घेऊन माणूस येतो. देणारा वेगळा आणि पात्रता ठरवणारा वेगळा, एवढ्या एका फरकाने बराच फरक पडतो. शिधा घेणाऱ्याला कुणाला खूश ठेवायचे नसते. गिरणीतल्या केंद्रातही हे जमण्यासारखे आहे. जेवणाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ लागून ठेवायची नाही. प्रार्थनेच्या खोलीला स्वतःचे दार द्यायचे, जेवणघरातून जाणारा रस्ता तिथून नको. कर्जाचा सल्ला देणाऱ्याने सल्ल्याखेरीज काही द्यायचे नाही.

पैशाच्या मुद्द्यावर मात्र विरोधक थोडे अर्धवट बोलतात. धर्मादायाची इंग्रजी कायद्यातली कल्पना मुळातच मिश्र आहे. पहिल्या एलिझाबेथच्या १६०१ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत धर्मादाय कामांची यादी आहे. त्यात म्हातारे, अपंग, गरीब यांची मदत आहे आणि पूल, बंदरे, रस्ते, समुद्राचे बांध आणि चर्च यांची दुरुस्तीही आहे. चर्च येते ते पूल-रस्त्यांच्या ओळीत, दुरुस्तीपुरते. १८९१ च्या पेम्सेल खटल्यात न्यायाधीश लॉर्ड मॅकनॉटन यांनी धर्मादायाचे चार गट पाडले आणि त्यांत धर्मप्रसार स्पष्टपणे आला. तो खटलाही मोरेव्हियन चर्च या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनरी कामासाठीच्या उत्पन्नावरील कराचा होता. पुढे २००६ च्या कायद्याने एक महत्त्वाची गोष्ट केली. धर्माचे काम म्हणजे आपोआप लोकहिताचे काम, हे गृहीतक इंग्लंड आणि वेल्समध्ये काढून टाकले. आता कायद्याने मानलेल्या १३ धर्मादाय हेतूंपैकी कोणताही असो, लोकहित दाखवावे लागते. तेव्हा ‘धर्म आहे म्हणून पैसा मिळतो’ ही तक्रार शिळी झाली. जीर्णोद्धाराला ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीतून जो निधी मिळतो तो इमारतीसाठी मिळतो. (जुगाराला पाप मानणाऱ्या काही पंथांत हा लॉटरीचा पैसा घ्यावा का यावर वर्षानुवर्षे खल झाला, हे इथे नमूद करायला मजा वाटते. पैशाला वास नसतो हे त्यांना इतक्या सहज पटले नाही.)

तरीही एक गोष्ट विरोधकांची मान्यच करायला हवी. सार्वजनिक पैशाने छप्पर घातले तर त्या छपराखाली कोण नोकरी करणार, हे श्रद्धेवर ठरू नये. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात धार्मिक संस्थांना काही सवलती आहेत. कामाचे स्वरूपच तसे असेल तर विशिष्ट श्रद्धेची अट घालता येते. उपासना चालवणाऱ्याला ती अट घाला, कोण नाही म्हणतो? पण आचाऱ्याची श्रद्धा तपासून वाटाण्याच्या सूपाला काय फरक पडणार आहे?

वारसाप्रेमींची एक तिसरीच तक्रार असते. चाक, तावदाने, यंत्रे जशीच्या तशी जपा, तिथे स्वयंपाकघर आणि पाळणाघर कशाला? हा मुद्दा मी फार ताणत नाही. रिकामी इमारत जपता येत नाही, ती फक्त हळूहळू पडू देता येते. सॉल्टेअरची गिरणी १९८६ मध्ये बंद झाली, १९८७ मध्ये जोनाथन सिल्व्हर या व्यावसायिकाने विकत घेतली, चित्रकार डेव्हिड हॉक्नीची चित्रे तिथे लागली, म्हणून ती आज उभी आहे. चित्रे लावता येतात तर पाळणे का नाहीत? खरी स्पर्धा संग्रहालयाशी नसते, महागड्या सदनिकांशी असते. मुंबईच्या गिरणगावात चिमण्या तेवढ्या शोभेला राहिलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. समाजकेंद्र निदान दार उघडे ठेवते.

सगळ्यात अवघड आक्षेप मात्र श्रद्धावंतांचा आहे, आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. ते म्हणतात, तुम्हाला आमचे हात हवेत, आमचे शनिवार-रविवार हवेत, आमच्या देणग्या हव्यात, फक्त आमचा देव नको. आम्ही हे सगळे त्याच्यासाठीच करतो. तो काढला तर पुढच्या हिवाळ्यात इथे कुणी येणार नाही. यात मला दंभ दिसत नाही. जात्यावर बसले की ओवी सुचते, हे आपल्या आज्या-पणज्यांना कुणी शिकवले नव्हते. पहाटेच्या अंधारात पायलीभर धान्य दळायचे तर तोंडात काहीतरी हवेच, आणि बहुतेकींच्या तोंडी देव होता. ओवी बंद करा म्हटले असते तर कदाचित जातेही थांबले असते. म्हणून दळणाऱ्याला ओवी म्हणू द्यावी, मोठ्याने म्हणू द्यावी. भिंतीवर क्रूस असू द्या, नावात ‘ख्रिस्ती’ असू द्या, कामाला लागण्यापूर्वी स्वयंसेवक डोळे मिटून उभे राहिले तर राहू द्या. पण शेजारीण दळण घेऊन आली तर आधी दोन ओव्या म्हण, मग दळून देते, असे कोणत्या आजीने म्हटले होते?

इंग्लंडातल्या ख्रिस्ती लोकांत आपसांतही हे भांडण जुने आहे. १८८४ मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल या गरीब वस्तीतले पाद्री सॅम्युअल बार्नेट आणि त्यांची पत्नी हेन्रिएटा यांनी टॉयन्बी हॉल उघडला. विद्यापीठातल्या तरुणांनी तिथे येऊन राहायचे, वस्तीशी ओळख करून घ्यायची, शिकवायचे आणि शिकायचे. धर्मप्रसार हा तिथल्या कामाचा भाग ठेवला नाही. काहींना हे फारच पातळ वाटले. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजच्या मंडळींनी बेथनल ग्रीनला ऑक्सफर्ड हाऊस सुरू केले, ते उघडपणे चर्चचे. दोन्ही टिकली. पण टॉयन्बी हॉलमधून पुढे विल्यम बेव्हरिज गेले, क्लेमंट ॲटली गेले. एकाने ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा आराखडा लिहिला, दुसऱ्याने पंतप्रधान म्हणून तो उभा केला. पाद्र्याच्या घरातून निघालेले काम सगळ्या देशाचे झाले, ते पाद्र्याने त्यावर आपला शिक्का मारायचा आग्रह सोडला म्हणून. श्रद्धा सोडली म्हणून नव्हे, बार्नेट शेवटपर्यंत धर्मगुरूच होते.

आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. १९२० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी मुंबईत कामगारांच्या दाट वस्तीत नागपाडा नेबरहुड हाऊस चालू केले. मिशन ख्रिस्ती, वस्ती सगळ्या धर्मांची. त्याच कामातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य पदवी विद्यालय निघाले, ते म्हणजे आजची टाटा समाज विज्ञान संस्था. पैसा पारशांचा, पहिला संचालक अमेरिकन पाद्री, विद्यार्थी सगळ्या जातीधर्मांचे. तिथे शिकून बाहेर पडलेल्या कार्यकर्त्याला आज कुणी ‘मिशनऱ्यांचा माणूस’ म्हणत नाही. आणि धर्मस्थळाने गिरणी चालवण्याचेच उदाहरण हवे तर औरंगाबादची (आताच्या छत्रपती संभाजीनगरातली) पाणचक्की आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात अठराव्या शतकात डोंगरातले पाणी नळांनी आणून त्यावर जाते फिरवले, आणि यात्रेकरू, फकीर, गरजू यांच्यासाठी पीठ दळले. मठाचे सेंट ऑल्बन्समधले जाते आणि दर्ग्याचे हे जाते यांत खरा फरक यंत्राचा नव्हता. एका ठिकाणी पिठातून वाटा काढून घ्यायचा होता, दुसऱ्या ठिकाणी पीठच वाटायचे होते.

मग गिरणीतल्या केंद्रावर लक्ष कोणी ठेवायचे? आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते, ही म्हण धर्मादाय संस्थांना जितकी लागू पडते तितकी कुणालाच नाही, कारण तिथे सगळे एकमेकांवर विश्वास ठेवून असतात. सुदैवाने इंग्लंडात धर्मादाय आयोगाच्या नोंदवहीत संस्थेचे विश्वस्त कोण, जमाखर्च काय, हे कुणालाही पाहता येते. भाषणे करणाऱ्यांनी ते एकदा पाहावे. मला स्वतःला हिशेबापेक्षा भाडेपट्टा वाचावासा वाटतो. संस्था उद्या बंद पडली तर इमारत कुणाकडे जाईल? सभागृह भाड्याने देताना मशिदीची समिती, कामगार संघटना, नास्तिकांचा वाचनगट यांना तेच दर आणि तेच नियम आहेत का? विश्वस्त मंडळावर वस्तीतला एखादा असा माणूस आहे का, जो रविवारी चर्चला जात नाही? अशा किरकोळ वाटणाऱ्या कलमांत खरे उत्तर सापडते. नियमावलीच्या पहिल्या पानावर प्रेम आणि सेवा सगळेच लिहितात.

आता सेंट ऑल्बन्स. १३८१ च्या जूनमध्ये गावकरी मठात घुसले. फरशीत बसवलेले जात्याचे दगड त्यांनी उखडले, फोडले, आणि त्यांचे तुकडे आपसांत वाटून घरी नेले. त्याच मठातल्या एका भिक्षूने हे सगळे रागाने लिहून ठेवले आहे, आणि त्या रागातही त्याच्या नजरेतून एक गोष्ट सुटली नाही. दर रविवारी चर्चमध्ये आशीर्वाद दिलेली भाकरी मोडून जशी सगळ्यांना वाटतात, तसे ते लोक दगडाचे तुकडे वाटत होते.